गाळपट्टीचा पंचनामा

भांडणात केसरबाईचा हात धरणारं माणूस धामणदऱ्यात नाही. नळावर भांडण असो की रेशनच्या रांगेत, तिनं तोंड उघडलं की समोरचा आपणहून घागर उचलून चालता व्हायचा. पण ज्या माणसाशी तिला खरं भांडायचं होतं, त्याच्याशी ती चार वर्षं एक शब्द बोलली नाही. तो दिसला की डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि रस्ता बदलायची. लोक म्हणायचे, बाई वरमली. वरमतेय कसली! वाट बघत होती ती.

तो माणूस म्हणजे नानासाहेब. माजी सरपंच, डेअरीचे चेअरमन, आणि वाकी नदीच्या काठच्या सगळ्यात कसदार जमिनीचे मालक. केसरबाईचा नवरा पुंडलिक त्यांच्याकडं एकवीस वर्षं सालगडी होता. पेरणीपासून म्हशींच्या धारांपर्यंत सगळं त्याच्या अंगावर. नाना त्याला "पुंडल्या" म्हणायचे आणि तो त्यांना "मालक" म्हणायचा. त्यात दोघांनाही कधी काही वावगं वाटलं नाही.

आता या वाकीचं सांगायला पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. कन्नडच्या घाटाकडून उतरणारी ही नदी वर्षातले आठ महिने कोरडी. पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात, ट्रॅक्टरवाले वाळू नेतात. म्हणून नवं माणूस तिला नदीसुद्धा म्हणत नाही. पण केसरबाईला तिचे सगळे पूर पाठ. केसरबाईचा बौद्धवाडा पूर्वी खाली काठावर होता. सासूच्या तरुणपणी एका पावसात अकरा घरं गेली, मग वाडा वर टेकाडावर आला. केसरबाई लग्न होऊन आली त्या साली पुन्हा पाणी चढलं. मुलगा राजेंद्र चौथीत होता तेव्हा पुन्हा. आणि दर वेळी पाणी पसरायचं ते एकाच ठिकाणी, नानांच्या काठच्या रानात. पूर ओसरला की तिथं हातभर गाळ साचायचा आणि त्या गाळात अद्रक असं यायचं की व्यापारी बांधावर यायचे. त्या रानाला गावात गाळपट्टीच म्हणतात. नावातच सगळं आहे, अजून काय दाखला पाहिजे!

दोन हजार एकवीस साली, पोळा सहा दिवसांवर असताना, घाटावर रात्रभर ढग फुटल्यागत पाऊस झाला. उजाडता उजाडता पुंडलिकचा मोबाईल वाजला. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. केसरबाई चुलीपाशी होती, तिनं शब्द न् शब्द ऐकला.

"पुंडल्या, पाणी चढतंय. गाळपट्टीतल्या म्हशी सोड आधी. पळ!"

पुंडलिकनं अर्धा चहा तसाच ठेवला. "आलोच," म्हणाला आणि गेला.

सात म्हशी होत्या. सातही सोडल्या त्यानं. त्या पोहत पोहत शाळेच्या टेकडीला लागल्या, सगळ्या गावानं बघितल्या. पुंडलिक दोन दिवसांनी खालच्या बंधाऱ्याला सापडला.

तिसऱ्या दिवशी तलाठी आला आणि बसला नानांच्या ओसरीवर. पाच पंच गोळा झाले, पहिले पंच नानाच. नाना सांगत होते, तलाठी लिहीत होता. केसरबाईला बोलावणं गेलं. डोळे सुजलेले, पोटात दोन दिवस अन्न नाही, तशी ती ओसरीच्या पायरीशी जाऊन बसली. तलाठ्यानं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला.

आणि इथं केसरबाईनं ती चूक केली. साक्षरतेच्या वर्गात ती आपलं नाव लिहायला शिकली होती. नावच फक्त, पुढं एक अक्षर नाही. पण तिच्या वयाच्या बायकांत अंगठा न लावणारी ती एकटी, आणि त्याचा तिला लई अभिमान. कुठलाही कागद आला की ती पॅड बाजूला सारायची आणि पेन मागायची. त्या दिवशीही हात सवयीनं पुढं गेला. तिनं पॅड सारला, आणि 'केसरबाई पुंडलिक' असं गोल अक्षरात लिहून खाली रेघ ओढली. काय लिहिलंय म्हणून विचारलं नाही. मालक काय वाईट लिहितील?

"वा केसर, झ्याक सही करतीस," नाना म्हणाले.

महिन्याभरानं मुलगा राजेंद्र चिकलठाण्याच्या कारखान्यातून पुन्हा रजा टाकून आला आणि त्या पंचनाम्याची नक्कल घेऊन घरी आला. त्याचं तोंड उतरलेलं. कागद त्यानं बायकोच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन बसला. सून रत्नमाला अंगणवाडीत सेविका. तिनं वाचलं. 'मयत इसम हा दारूच्या अंमलाखाली असताना ओढ्यात पाय घसरून पडला. वाकी नदीस पूर नव्हता. सदर गटात पुराचे पाणी आजपर्यंत कधीही शिरलेले नाही.'

"परत वाच," केसरबाई म्हणाली.

रत्नमालानं परत वाचलं.

"दारू लिवलंय?"

"व्हय आत्या."

पुंडलिक रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाणारा माणूस. वाड्यात चोरून दारू विकणाऱ्याची बादली त्यानं एकट्यानं उलथी केली होती. त्याच्या मरणावर दारू! आणि खाली बायकोची सही! केसरबाईनं त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. रडून नाही, रागानं. आपल्याच हातानं नवऱ्याच्या तोंडाला काळं फासलं होतं तिनं, आणि तेही झ्याक अक्षरात.

तिनं अर्ज केले, चपला झिजवल्या. जिथं जाईल तिथं समोरचा माणूस कागद उलटायचा आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचा. बाई, ही सही तुमचीच ना? गावात तर सगळे मुके. म्हशी पोहताना बघणारे दोनशे डोळे, पण बोलायला एक तोंड पुढं येईना. पिकांचे पंचनामेही नानांच्या ओसरीवरच झाले होते आणि त्यात सगळीकडं 'अतिवृष्टी' लिहिलं होतं. पूर हा शब्द नानांनी गावच्या एकाही कागदात येऊ दिला नाही.

का येऊ दिला नाही, ते दोन वर्षांनी कळलं. गाळपट्टीत जेसीबी आला. म्हशींचा गोठा पाडला, भराव टाकला, आणि तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं. नातीच्या नावानं, 'राजनंदिनी मंगल कार्यालय'. नानांचा मुलगा ऋतुराज ते चालवणार होता. रान पूररेषेत येतं असं कागदावर दिसलं असतं तर बांधकामाची परवानगी मिळाली नसती. आणि पुरात माणूस मेला अशी नोंद झाली असती, तर पूररेषा आपोआप गाळपट्टीवरून गेली असती. म्हणून पूर पुसला. पण पूर पुसला तर माणूस बुडाला कसा? तर दारू पिऊन! इतकं सोपं होतं त्यांना.

केसरबाईनं हे सगळं जुळवलं आणि तोंड मिटलं. तेव्हापासून तिनं नानांना मालक म्हणणं सोडलं. आणि दुसरी एक गोष्ट केली, ती घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. रत्नमालाच्या अंगणवाडीतले तक्ते घरी आणून ती वाचायला शिकली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. क कमळाचा, ब बदकाचा. जोडाक्षरांनी तिला रडवलं, पण तिनं सोडलं नाही. पहिला अख्खा मजकूर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला तो पंचनामाच. 'दारू' हा शब्द लागला तेव्हा तिनं त्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

"गावात सांगू नको," ती सुनेला म्हणाली. "मला फक्त सहीच येते असं राहू दे."

पुढं दोन हजार पंचवीस. घटस्थापनेच्या आठवड्यात मराठवाड्यावर पाऊस तुटून पडला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. वाकी भर दिवसा, सकाळी अकराला आली. सगळं गाव शाळेच्या टेकडीवर. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. गाळपट्टीत पाणी शिरलं, कार्यालयाचं फाटक आडवं झालं, मग कंपाऊंडची भिंत, मग प्लास्टिकच्या खुर्च्या तरंगत बाहेर निघाल्या.

"चढ," केसरबाई म्हणाली. हळू नाही, चांगलं खणखणीत. "अजून चढ. थांबू नको."

"आत्या, असं म्हणू नये," रत्नमाला कुजबुजली. "लोकांचं सोयाबीन चाललंय. आपलं बी त्यात हाय."

"जाऊ दे. आपलं बी जाऊ दे."

पाणी स्टेजवर चढलं तेव्हा तिला जे वाटलं ते आनंदाहून दुसरं काही नव्हतं. लपवायचं कशाला?

दसरा झाला. त्यानंतर एका दुपारी बौद्धवाड्याच्या तोंडाशी नानांची गाडी थांबली. ऋतुराज गाडीतच बसून राहिला. नाना काठी टेकत चढ चढून आले आणि केसरबाईच्या दारात उभे राहिले. पुंडलिकच्या एकवीस वर्षांत ते या दारात आले नव्हते. मातीलाही आले नव्हते.

"केसर, हायेस का घरात?"

"हाय. या."

खुर्चीवर बसले. रत्नमालानं पाणी आणलं. या वाड्यातलं पाणी नानांच्या ओठाला कधी लागलं नव्हतं. आज त्यांनी तांब्या घटाघटा रिकामा केला. केसरबाईनं मनात म्हटलं, गरज लई मोठी दिसतीय.

"नुकसान लई झालं गं," नाना म्हणाले. "पण कार्यालयाचा इमा हाय. परवा त्यांचा सर्वेअर येतोय. त्याला तुला भेटायचंय."

"मला कशापायी?"

नाना थोडे घुटमळले. "इम्याच्या अर्जात एक प्रश्न असतोय. मागच्या धा वर्षांत ह्या जागेत पुराचं पाणी शिरलं का म्हणून. ऋतुराजनं नाही लिवलं. आन पुरावा म्हणून पुंडलिकच्या पंचनाम्याची नक्कल जोडली. त्यावर तुझी सही हाय ना. त्यो पोरगा एवढंच इचारील, सही तुझी का, आन पाणी आलं नव्हतं ना. व्हय म्हणायचं, झालं."

केसरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मेलेल्या माणसाला दारुडा ठरवून यांचं पोट भरलं नव्हतं! तोच कागद यांनी लग्नाच्या मांडवाच्या विम्याला पुरावा म्हणून टाचला. पण तिनं आवाज चढू दिला नाही.

"आन पाणी आलतं म्हणलं तर?"

"तर इमा गेला. अर्जात खोटं लिवलं म्हणून कंपनी हात वर करील. ऋतुराजचं सगळं आयुष्य त्यात घातलंय, केसर. तू मनावर घेतलं तर वाचंल."

"घेते मनावर," केसरबाई म्हणाली. "पण आधी तुम्ही लिहून द्या."

"काय?"

"खरं काय झालं ते. त्यो दारू पीत नव्हता. वाकीला पूर आलता, गाळपट्टीत पाणी शिरलं, आन तुमच्या फोनवरून तुमच्या म्हशी सोडताना त्यो वाहून गेला. तुमच्या हातानं लिवा, तुमची सही करा. मागच्या बारीला मी आधी सही केली होती. आता तुमची पाळी."

"आता कशाला ते?"

"नातवंडं शाळेत जातेत. आजा दारूत मेला म्हणून पोरं चिडवतेत त्यांना. मला घरात कागद पाहिजे."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नानांनी दाराबाहेर गाडीकडं बघितलं, मग हात पुढं केला. रत्नमालानं वही आणि पेन दिलं. नानांनी लिहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "माझा सालगडी पुंडलिक हा निर्व्यसनी होता. वाकी नदीच्या पुराच्या पाण्यात माझ्या म्हशी सोडत असताना तो वाहून गेला." आवाजही थोडा कापरा केला होता. "झालं समाधान?"

केसरबाईनं कागद हातात घेतला. ओळीखाली बोट धरून खालीवर बघितलं. नाना शांत बसले होते. हिला काय कळणार, सही तेवढी येते.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही वाचलं पुराच्या पाण्यात. हितं तर 'ओढ्यात पाय घसरून' लिवलंय. आन म्हशींचं तर नावच नाय."

नानांच्या हातातली काठी घसरली. ती उचलायलाही ते वाकले नाहीत. "तू वाचतीस?"

"अंगणवाडीत शिकले. घ्या, दुसरा कागद घ्या. आन तारीख घाला ह्या बारीला."

आता मात्र त्यांच्या कपाळावर घाम आला. उठून जावं तर परवा ही बाई सर्वेअरपुढं काय बोलेल याचा नेम नाही. बसावं तर लिहावं लागतंय. शेवटी लिहिलं. एकवीस सालची तारीख घातली. छातीभर पाणी म्हणून लिहिलं. फोन केल्याचं लिहिलं. केसरबाईनं शब्द न् शब्द वाचला आणि मगच त्यांना सही करू दिली.

"आता माझं," नाना म्हणाले. "परवा काय सांगशील?"

"सही माझीच हाय म्हणून सांगीन. शब्द देते."

"आन हा कागद इम्याचं मिटंस्तोवर भायेर काढायचा नाय."

केसरबाई उठली. पेटी उघडली, कागद आत ठेवला, झाकण लावलं. नानांना तेवढं पुरलं. गरिबाच्या पेटीत गेलेला कागद कुठं बाहेर येतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. गाडीत बसताना ऋतुराजला म्हणाले ते वाड्यात ऐकू आलं, "चार वर्षांनी का होईना, आली बाई वळणावर."

ते गेल्यावर रत्नमाला म्हणाली, "आत्या, मिळालं की आपल्याला. आता त्यांच्या इम्याचं होऊ द्या. मग हाच कागद घेऊन नोंद बदलून घेऊ. कशाला उगं वैर?"

"आन मग त्यो म्हणंल, म्हातारीनं दमदाटी करून लिवून घेतलं. तवा कोण इचारणार आपल्याला? ज्या तोंडानं ह्यो नाय म्हणला, त्याच तोंडानं तिऱ्हाईतापुढं व्हय म्हणला पाहिजे. आन त्याचं बुडलं पाहिजे, रत्नमाला. मला तुझ्यापासून काय लपवायचंय? माझं बुडलंय."

सर्वेअर म्हणजे सत्यम नावाचा तिशीतला पोरगा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात फाईल. केसरबाई आणि रत्नमाला कार्यालयात पोचल्या तेव्हा तो भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला टेप लावत होता. आत सगळीकडं गाळ. नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा गाळानं भरून फुगला होता आणि त्याला वास सुटला होता. केसरबाईनं तो डोळे भरून बघून घेतला. नाना आणि ऋतुराज एका खुर्चीआड उभे होते. नानांनी तिच्याकडं बघून मान हलवली.

"मावशी, दोनच प्रश्न," सत्यम म्हणाला. फाईलमधली नक्कल त्यानं तिच्यापुढं धरली. "ही सही तुमची?"

"माझीच."

नानांनी श्वास सोडला. तो तिला ऐकू आला.

"म्हणजे या जागेत आधी पाणी आलं नव्हतं, बरोबर?"

"साहेब, सही माझी हाय. मजकूर ह्यांचा हाय. तवा मला वाचता येत नव्हतं, ह्यांनी सांगितलं तिथं मी नाव लिवलं. आता येतंय. ह्यांनीच परवा दिवशी माझ्या घरात बसून दुसरा मजकूर लिवलाय. वाचू?"

पिशवीतून तिनं कागद काढला. ऋतुराज पुढं आला तसा सत्यमनं हात आडवा केला. "थांबा जरा. वाचू द्या त्यांना."

केसरबाईनं वाचलं. अडखळत, जोडाक्षरावर थांबत, पण एकही शब्द गाळला नाही. वाकी नदीस महापूर आला होता. गाळपट्टीत छातीइतके पाणी होते. मी स्वतः फोन करून पुंडलिक यास म्हशी सोडण्यास पाठवले. तो निर्व्यसनी होता. खाली नानासाहेबांची सही. वाचून झाल्यावर तिनं कागद सत्यमच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता ह्यांना इचारा, सही कुणाची."

सत्यम नानांकडं वळला. "नानासाहेब, ही सही तुमची?"

त्या वेळी नानांचं तोंड बघायला पुंडलिक पाहिजे होता. खोटं म्हणावं तर गावातला प्रत्येक चेक, प्रत्येक दाखला त्यांच्या त्याच सहीचा. खरं म्हणावं तर पायाखालचा गाळ सरकतोय. रत्नमाला शेजारी उभी, लिहून घेताना तीही हजर होती.

"इचारलंय साहेबांनी," केसरबाई म्हणाली. "बोला की. मला तर लगीच बोलता आलं."

"माझी हाय," नाना म्हणाले.

"आणि मजकूर?"

नानांनी काठीनं गाळ उकरला. "खराय," नाना म्हणाले.

ऋतुराज बापाकडं बघतच राहिला. "बाबा, तुम्ही लिहून दिलं? तुम्ही?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. सत्यमनं दोन्ही कागदांचे फोटो काढले आणि जबाब लिहायला बसला. केसरबाई तिथून निघाली ती ताठ मानेनं, गाळात चप्पल रुतली तरी हातात घेऊन, अनवाणी.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. पुराची पूर्वीची माहिती लपवून विमा घेतला, सबब दावा नामंजूर. कार्यालयाला कुलूप लागलं. इकडं त्याच जबाबाची नक्कल जोडून राजेंद्रनं अर्ज केला, पुन्हा चौकशी झाली, आणि या वेळी म्हशी पोहताना बघणाऱ्यांना एकेक करून वाचा फुटली. नाना पडल्यावर गाव शूर झालं. जानेवारीत दुरुस्तीचा आदेश हातात आला. 'मयत पुंडलिक हे वाकी नदीच्या पुरात वाहून मृत्यू पावले.' दारू हा शब्द कुठंही नव्हता. केसरबाईनं तो सात वेळा वाचला आणि पदर खोचून थेट नानांच्या ओसरीवर गेली.

नाना बाजेवर बसलेले, वाळून अर्धे झालेले. त्यांची बायको द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या. केसरबाईनं आदेश नानांच्या मांडीवर ठेवला.

"वाचा."

नानांनी वाचला. मग घडी करून परत केला.

"झालं का आता तुझं समाधान?" द्वारकाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माझं लेकरू शहरात दुसऱ्याच्या हाताखाली राबतंय. घर बसलं आमचं."

"माझं बी बसलंय, बाईसाहेब. माझं लेकरू तर पहिल्यापासून राबतंय."

नाना मान वर न करता म्हणाले, "तुझ्या शब्दावर तुला लिहून दिलं होतं मी. तू दगा केलास केसर. एकवीस वर्षं तुमचं घर माझ्यावर चाललं."

आणि चार वर्षं कोंडून ठेवलेलं सगळं केसरबाईच्या तोंडाशी आलं. पण निघालं ते शिव्याशाप नव्हते.

"नाना, त्यो सापडला त्या दिवशी तुम्ही वाड्यावर आला असता, आन एकदा, एकदाच बोलला असता, 'केसर, त्यो माझ्या म्हशींपायी गेला', तर त्या सर्वेअरपुढं मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, गाळपट्टीत पाणी कधी आलंच नाय म्हणून. शंभर बारी सांगितलं असतं. खोटं बोलून नरकात गेले असते तुमच्यासाठी. मालक म्हणत होते मी तुम्हाला."

द्वारकाबाईंचा हात सुपात तसाच थांबला. काठीवर दोन्ही हात टेकून नाना अर्धवट उठले.

"केसर, आता म्हणतो. त्यो माझ्या म्हशींपायी..."

"मला नगा सांगू," केसरबाई म्हणाली आणि पायरी उतरली. "म्हशींना सांगा. त्या वाचल्यात."